गिटार आधी उलटी करून बघा

पेटी विकत घ्यायला गेलात तर तुम्ही काय करता? भाता मारता, एक सूर दाबून धरता आणि कान लावून बसता. वरची नक्षी बघून कुणी पेटी घेत नाही. मी माझी पहिली पेडल स्टील, म्हणजे पायाने सूर बदलायची आडवी गिटार, मात्र नक्षी बघूनच घेतली.

टेक्सासात राहायचो तेव्हाची गोष्ट. 70च्या दशकातली शो-बड कंपनीची गिटार, चमकदार मेपलचं लाकूड, पट्टीवर बदाम-इस्पिकची जडणी. विकणाऱ्याने पाठवलेले सगळे फोटो वरून काढलेले होते. खालून एकही नाही, आणि मीही मागितला नाही. घरी आणून उलटी केली तर दोन पेडलांचे दांडे गायब. गुडघ्याने ढकलायच्या एका लिव्हरचा आधार तडकलेला. त्या काळातल्या काही शो-बडमध्ये खालचे भाग ओतीव पांढऱ्या धातूचे असत, ते असेच तडकतात. शिवाय कुणीतरी वर्षानुवर्षं हौसेने तेल सोडलेलं, त्याचा धुळीशी मिळून गुळाच्या काकवीसारखा राप झालेला.

आपल्याकडे व्हॅन शिप्ले किंवा हजारा सिंग यांच्या रेकॉर्डवर जी हवाईयन गिटार ऐकू येते, तिच्याच घराण्यातलं हे वाद्य. वाद्य आडवं ठेवायचं, तारांवर लोखंडी कांडी सरकवायची, इथपर्यंत सगळं सारखं. फरक पोटात आहे. पेडल दाबलं की दांडा ओढला जातो, तार ताणली जाते, सूर चढतो. पाय उचलला की जागेवर परत. 1954 साली अमेरिकन कंट्री गायक वेब पियर्सचं ‘स्लोली’ हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्स यांनी वाजत्या तारेचा सूर पेडलने वाकवला आणि कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलच्या वादकांना त्याचं वेड लागलं.

म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते त्या पोटातल्या यंत्रणेचे. ती तपासायला उस्ताद असावं लागत नाही. खिशात एक ट्यूनर ठेवा.

दहा तारांची, ई-नाइन या नेहमीच्या जुळणीची गिटार समोर आहे असं धरू. पाचवी तार बी या सुराची. पहिलं पेडल दाबलं की ती अख्खा एक स्वर चढून सी शार्पवर जायला हवी. आता सोडा. ट्यूनरचा काटा बीवरच येतो का? की थोडा वर-खाली अडकतो? दहा वेळा करा. हळू दाबून, झटक्यात सोडून, सगळं करा. मग गुडघ्याच्या लिव्हरने चौथी तार ईवरून अर्धा स्वर उतरवा आणि सोडा. जुन्या वाद्याची लबाडी बहुतेक वेळा इथेच पकडली जाते, कारण उतरवलेली तार परत येताना नेमकी जागेवर येत नाही. कधी नुसता राप असतो, धुतला की जातो. कधी मात्र तार ज्यावरून वळते ती धातूची बोटंच झिजलेली असतात. टॉर्च मारून बघा, तारेने खाच पाडलेली दिसते. तिथे माझा हात खिशाकडे जात नाही.

अजून एक गंमत. चौथी तार छेडा आणि पहिली दोन पेडलं एकदम दाबा. ही पेडलं त्या तारेला हातही लावत नाहीत, तरी तिचा सूर किंचित उतरतो. तारांचा ताण वाढून सगळा सांगाडाच वाकतो, म्हणून. थोडं उतरणं प्रत्येक गिटारमध्ये असतं, त्यावरून नाक मुरडू नका. पण कानाला खटकेल इतकं असेल तर सौदा सोडा. सांगाडा दुरुस्त होत नाही.

नावांचं म्हणाल तर, शो-बड ही शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांची. एमन्स पुढे बाहेर पडले आणि 1963 मध्ये रॉन लॅशलींबरोबर त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. त्यांच्या पुश-पुल, म्हणजे ढकल-ओढ यंत्रणेच्या गिटारच्या आवाजावर लोक आजही जीव टाकतात. टाकावाच असा तो आवाज आहे. पण ती जुळवणं हे घड्याळजीचं काम, आणि असा घड्याळजी तुमच्या गावात नसेल तर? जुनी फेंडर 400 दिसायला देखणी, पण तारा आठ आणि पेडलं केबलने ओढायची. आजची शिकवणी दहा तारांवर चालते. शो-बडची मॅव्हरिक नवशिक्यांसाठीची, तीन पेडलं आणि एकच लिव्हर. स्वस्तात मिळते, आणि ती पुरत नाही हेही लवकर कळतं. त्यापेक्षा काळ्या सनमायक्यासारख्या पत्र्याची, ओरखडे पडलेली पण खालून धडधाकट गिटार मी डोळे मिटून घेईन. डोळे मिटून म्हणजे, उलटी करून बघितल्यावर.

पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारं वेटोळं, मेला असेल तर घाबरू नका, तो परत गुंडाळून मिळतो. हरवलेले दांडे, तुटलेले आधार यांचा खर्च मात्र आधी विचारा आणि मागितलेल्या किमतीतून तो वजा करून मगच बोला. माझ्या शो-बडची दुरुस्ती आठ महिने चालली.

(श्रोत्यांतून प्रश्न: भारतात आणायची झाली तर?)

दोन मानांची, म्हणजे तारांचे दोन संच असलेली गिटार केससकट तीस किलोच्या घरात जाते. विमानात एका बॅगेला साधारण तेवीस किलोची मुभा. मी पाय, पेडलांची पट्टी आणि दांडे काढून वेगळ्या बॅगेत घातले होते. कस्टमवाल्याने ते दांडे एकेक करून मोजले आणि विचारलं, “हे कशाचे गज?”