बारावा तालुका

[दृश्य: फोंड्याजवळचं एक घर. बाहेर पाऊस, खिडकीतून कुळागर दिसतंय. टेबलावर लॅपटॉप आणि गार झालेला चहा.]

निवेदन:

बारा नावं. प्रोग्राम एवढाच. गोव्याच्या तालुक्यांची नावं मेमरीत ठेवायची आणि एकाखाली एक छापायची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलीनं तो सी भाषेत अर्ध्या तासात लिहिला. त्यानंतर दोन दिवस झाले, ती त्याच्यासमोरून उठलेली नाही.

यादीत अकरा नावं होती तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी, तिसवाडी, फोंडा, मुरगाव, सासष्टी, सांगे, केपे, काणकोण. आजोबांनी लहानपणी पाठ करून घेतलेली हीच यादी तिनं जशीच्या तशी उतरवली होती. मग लक्षात आलं, धारबांदोडा राहिला. आजोबांच्या यादीत तो असणार कसा? तो तालुका झाला २०११ साली. तिनं ते नाव शेवटी जोडलं, कंपाईल केलं, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणलं, आणि चालवलं.

स्क्रीनवर एकही नाव आलं नाही. आली ती एकच ओळ: ‘मॅलॉक, करप्टेड टॉप साइझ’. आणि तिच्याखाली: ‘अबॉर्टेड’.

[दृश्य: काळ्या स्क्रीनवर जीडीबी. बॅकट्रेसच्या ओळी वर सरकतात.]

चुकांचा माग काढणारा जीडीबी सांगतो की प्रोग्राम पडला प्रिंटएफमध्ये, म्हणजे छापायच्या आज्ञेत. तेही पहिल्याच, पेडणे छापायला घेतलं तेव्हा. आता पेडण्याचं काय बिघडलं? त्या नावाला तर तिनं हातही लावला नव्हता.

प्रोग्राम कुठवर पोचतो ते बघावं म्हणून तिनं प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेनच्या सुरुवातीलाच एक प्रिंटएफ टाकला: ‘सुरुवात झाली’. आणि प्रोग्राम चालला! धारबांदोड्यासकट बाराही नावं स्वच्छ छापली गेली. ती ओळ काढली, पुन्हा पडला. घातली, पुन्हा चालला.

सीमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही रात्र एकदा तरी येते. माझ्याही आली होती. अशा वेळी माणूस कंपायलरवर संशय घेतो, लॅपटॉपवर घेतो, शेवटी स्वतःच्या डोक्यावर घेतो. कित्येक जण ती ‘सुरुवात झाली’ची ओळ तशीच ठेवून पुढे जातात. तिनं तसं केलं नाही, म्हणून ही गोष्ट सांगतोय.

[दृश्य: कोडच्या दोन ओळी जवळून. मॅलॉक, कंसात २४. खाली स्ट्रकॉपी.]

प्रत्येक नावासाठी ती मेमरीतली जागा देणाऱ्या मॅलॉककडून २४ बाइट मागते आणि स्ट्रकॉपीनं नाव त्यात उतरवते. २४च का? ‘तालुक्याचं नाव चोवीस अक्षरांपेक्षा मोठं कुठं असतं?’ तिचा प्रश्न रास्त आहे. फक्त मॅलॉक अक्षरं मोजत नाही.

[दृश्य: पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘धारबांदोडा’. हळूहळू एकेक खूण सुटी होते.]

डोळ्यांना दिसतात पाच अक्षरं: धा, र, बां, दो, डा. युनिकोडला, म्हणजे संगणकावर अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीला, दिसतात दहा खुणा, कारण काना, अनुस्वार, ओकार तिथं वेगळे मोजले जातात. ते क्रमांक बाइटमध्ये लिहायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. झाले ३०. सीमध्ये शब्द संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य लागतं. एकूण ३१.

जुन्या अकरा नावांत सर्वांत लांब तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी. तिन्ही २१ बाइटची, शून्य धरून २२. तीही काठावरच बसत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. इंग्रजी लिपीत हीच बारा नावं निम्म्याहून कमी जागेत मावली असती आणि चूक झाकलेलीच राहिली असती. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे: आपल्याकडे सी शिकवताना शब्दांचं पहिलं उदाहरण देवनागरीत द्यावं. गावाचं नाव द्यावं, मुलांचं स्वतःचं नाव द्यावं. ते बाइट एकदा बोटांवर मोजले की जन्मभर लक्षात राहतात.

आता त्या ३१ बाइटचं काय झालं ते बघू. पहिल्या आठ खुणा, म्हणजे ‘धारबांदो’, बरोबर २४ बाइटमध्ये बसल्या. ‘डा’ बाहेर पडला. पडला कुठं?

[दृश्य: मेमरीचे चौकोन, एकाला लागून एक. प्रत्येक चौकोनाच्या डोक्यावर अरुंद पट्टी.]

गोव्यात जमिनीचा तुकडा म्हटला की एक-चौदाचा उतारा, म्हणजे त्या जमिनीची सरकारी नोंद, आली. मॅलॉक आणि प्रिंटएफ जिच्यातून येतात ती लिनक्सवरची सी लायब्ररी, ग्लिबसी, मेमरीच्या प्रत्येक तुकड्याचा असाच उतारा ठेवते. तुकड्याच्या अगदी आधी ८ बाइट, आणि त्यात त्या तुकड्याचं माप. तुमचे २४ बाइट संपले की पुढच्याच बाइटपासून शेजाऱ्याचा उतारा सुरू. धारबांदोडा यादीत शेवटचा, त्यामुळे त्याच्या शेजारी होती अजून कुणाला न दिलेली सगळी शिल्लक जमीन. तिलाच ‘टॉप’ म्हणतात. त्या टॉपच्या मापावर ‘डा’ लिहिला गेला, आणि माप अख्ख्या हीपपेक्षाही, म्हणजे मॅलॉक ज्यातून तुकडे देतो त्या सगळ्या जागेपेक्षाही, मोठं झालं.

पण तो उतारा लगेच कुणी वाचत नाही. वाचला जातो तो पुढं कुणीतरी नवी जागा मागेल तेव्हा. ती मागितली प्रिंटएफनं: छापायचा मजकूर साठवायला त्याला पहिल्यांदा स्वतःचा बफर लागतो. ग्लिबसीनं टॉपचं माप बघितलं, ते अशक्य आहे हे ओळखलं, आणि प्रोग्राम तिथल्या तिथं थांबवला. ‘सुरुवात झाली’ची ओळ असली की प्रिंटएफ आपला बफर आधीच घेऊन मोकळा होतो. मग बिघडलेल्या उताऱ्याकडे कुणी फिरकतच नाही.

[दृश्य: दाराशी छत्री झटकत एक वयस्क गृहस्थ. तिचे शिक्षक.]

‘सर, प्रिंटएफमध्येच काहीतरी आहे.’

‘बाय, पडला कुठं ते सोड. कोण कुणाच्या हद्दीत शिरलं, ते बघूया.’

सरांनी कंपाईल करायच्या ओळीत फक्त ॲड्रेस सॅनिटायझर चालू केला. गूगलमधल्या अभियंत्यांनी बनवलेलं आणि २०१२ साली जगापुढे मांडलेलं हे साधन आज जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत आयतं मिळतं. शेतकरी दोन शेतांमध्ये मेर ठेवतो, तशी ते प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना कुणालाही न दिलेली पट्टी सोडतं. शिवाय मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ बाइटची नोंद वेगळी ठेवतं: इथं पाय ठेवायला परवानगी आहे की नाही. प्रोग्राम साधारण दुपटीनं मंदावतो. चुकीचा माग काढताना ते परवडतं.

[दृश्य: लाल अक्षरांतला अहवाल. कॅमेरा हळूहळू एका ओळीवर थांबतो.]

‘हीप बफर ओव्हरफ्लो. राइट ऑफ साइझ ३१.’ हा तोच एकतीस. खाली दोन ओळींचे नंबर: जिथं लिहिलं ती स्ट्रकॉपी, आणि जिथं जागा मागितली तो मॅलॉक. त्याखाली नोंदींचा नकाशा. तीन जोडशून्यं, म्हणजे तीन वेळा आठ, चोवीस बाइटची मुभा. लगेच पुढं चौकटी कंसात ‘एफए’: ही मेर. प्रिंटएफचं नावही कुठं नाही.

ती बराच वेळ त्या कंसाकडे बघत राहिली. मग २४चे ३२ केले. चाललं, अहवालही आला नाही.

सर म्हणाले, ‘आता तेरावं नाव घाल. कुडचडे-काकोडा.’

‘तो तालुका नव्हे, सर. नगरपालिका आहे.’

‘घाल तर खरं.’

बारा खुणांचे ३६, मधल्या रेघेचा १, शेवटच्या शून्याचा १. एकूण ३८. लाल अहवाल पुन्हा आला. या खेपेला तिनं आकडाच पुसला आणि तिथं लिहिलं: स्ट्रलेन अधिक एक, म्हणजे नावाचे बाइट मोजून वर शून्याचा एक. ज्याला जेवढी लागेल, त्याला तेवढी जागा.

[दृश्य: पाऊस ओसरलाय. पागोळ्यांचा आवाज.]

कुडचडे-काकोडा यादीतून काढून तिनं प्रोग्राम नव्यानं, सॅनिटायझरशिवाय कंपाईल केला आणि व्हॅलग्रिंडखाली चालवला. हे २००२ सालापासूनचं जुनं, भरवशाचं साधन. फार हळू चालतं, पण प्रोग्राम संपताना काय काय परत करायचं राहिलं याचा हिशेब चोख देतं. बारा नावं छापून झाली. खाली हिशेब आला: १२ तुकड्यांत २३४ बाइट अजून घेतलेलेच आहेत.

सर छत्री उचलून दारापर्यंत गेले होते. ती म्हणाली, ‘थांबा सर, एकच मिनिट.’ आणि घेतलेली जागा परत करणारा फ्रीचा लूप लिहायला घेतला.