खुर्ची आणि उंबरठा

(पुण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

आजच्या पत्रिकेवर ‘नृत्य : उपचार, आनंद आणि सजगता’ असा भारदस्त विषय छापलेला आहे आणि या तिन्ही शब्दांना एका तासात न्याय देण्याचे मी संयोजकांकडे कबूलही केले आहे. दुसऱ्या रांगेत माझ्या काही जुन्या विद्यार्थिनी बसल्या आहेत. त्यांना आत्ताच हसू आले, कारण माझ्या अशा कबुलीची किंमत त्यांना ठाऊक आहे. म्हणून मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवते. नाचाचा गुण येतो तो नाचणाऱ्याला. पाहणाऱ्याला रस मिळतो आणि तोही मोठाच लाभ आहे, परंतु पाहून कोणाचा आखडलेला गुडघा सुटत नाही. ३४ वर्षे फिजिओथेरपीचा व्यवसाय केल्यावर आणि वयाच्या ५८व्या वर्षी पुन्हा घुंगरू बांधल्यावर माझे हे मत झाले आहे, आणि आता ते बदलण्याचा संभव कमी आहे.

आपले शहर पाहणाऱ्यांचे आहे. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये येथे ‘नृत्यभारती’ सुरू केली, आणि तेव्हापासून साध्या मध्यमवर्गीय घरांतील मुलींच्या कित्येक पिढ्या या शहरात कथक शिकल्या. परंतु त्या मुलींच्या आया कोठे असतात? त्या क्लासबाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली आणि चपला सांभाळत बसतात, आणि आत तबला सुरू झाला की त्यांच्या पायाचा अंगठा तेवढा हळूच हलतो. रसिक पुणेकर मैफलीत मान आणि मांडीवरचा उजवा हात या दोनच अवयवांना हालचालीची परवानगी देतो. साठी उलटली की ही स्तब्धता सक्तीची होते. कोठेही जा, कोणीतरी सुस्वभावी तरुण प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन धावत येतो. ‘काकू, तुम्ही बसा.’ लग्नात बसा, हळदीला बसा, विसर्जनाच्या मिरवणुकीत कडेला बसा. त्या खुर्चीवर माझा राग आहे आणि त्याचे कारण जरा सविस्तर सांगावे लागेल.

गेल्या श्रावणात एका भाचीची पहिली मंगळागौर नारायण पेठेतील आमच्या जुन्या घरी होती. खेळांसाठी ग्रुप बोलावला होता. दहा जणी, एकसारख्या जांभळ्या नऊवाऱ्या, कानाला माइक, सोबत ध्वनिवर्धक. त्यांनी दीड तासात झिम्मा, पिंगा, लाट्या बाई लाट्या, आगोटं-पागोटं सगळे चोख करून दाखवले. त्या बायकांबद्दल माझी काडीमात्र तक्रार नाही; त्यांतल्या निम्म्या साठीच्या पुढच्या होत्या आणि स्वतः खेळत असल्यामुळेच इतक्या टवटवीत दिसत होत्या. तक्रार आमच्याबद्दल आहे. ज्या घरची मंगळागौर, त्या घरच्या बायका तीन रांगांत खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रीकरण करीत होत्या, आणि नवी नवरी साडीच्या निऱ्या विसकटतील म्हणून दोन फुगड्यांवर थांबली. अहो, जागरण म्हणजे वर्षभर वाकून आणि उचलून आंबलेले अंग एका रात्रीत मोकळे करण्याची सोय होती! फुगडीत पाय पायाशी जुळवून, हात गुंफून, मागे रेलून गरगर फिरताना आपण आपला तोल दुसरीच्या वजनावर सोपवतो. तोलाचा इतका उत्तम व्यायाम माझ्या दवाखान्यातल्या कोणत्याही यंत्रावर होत नसे.

पहिल्या रांगेत माझी आत्या होती. वय ८१, आणि सात वर्षांपासून पार्किन्सन्स. या आजारात चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारातून जाताना किंवा वळताना. आत्याचे पाय स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी हमखास चिकटतात. ग्रुप निघून गेला, पाने वाढायला घेतली, आणि आत्या उंबरठ्याशी अडकली. पाऊल उचले आणि ते पुन्हा तेथेच पडे. मागून ‘चल ना गं आत्या’, ‘हळू’, आणि अर्थातच ‘खुर्ची आणा’ सुरू झाले. आत ओट्याशी भांडी आवरणाऱ्या मावशींनी काय केले असेल? त्यांनी हातातले ताट उलटे धरले, त्यावर उलथन्याने ठेका धरला आणि खड्या आवाजात पिंगा सुरू केला. आत्याने मान वर केली. उजवे पाऊल उंबरठ्यापलीकडे पडले, मागोमाग डावे आले, आणि ओट्यापर्यंत ती ठेक्यात गेली. तेथे तिने मावशींचे दोन्ही हात धरले. त्याला फुगडी म्हणणे धाडसाचे होईल; जेमतेम अर्धा फेरा झाला, आणि धंद्याच्या सवयीने मी मागून तिची कंबर धरून उभी होते. पण ती हसली. या आजारात चेहराही ताठरतो, त्यामुळे तिचे हसू आम्ही फार दिवसांनी पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उंबरठ्याशी तिचे पाय पुन्हा चिकटले, हेही सांगितले पाहिजे. फरक इतकाच की या वेळी तिने स्वतःच चौकटीवर बोटांनी ठेका धरला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. म्हणजे घाई करणे आले.

उपचार. पार्किन्सन्समध्ये मेंदूतील डोपामिन हे रसायन कमी पडते आणि चालण्यासारख्या अंगवळणी पडलेल्या हालचालींची आतली लय बिघडते. बाहेरून ठेका मिळाला की मेंदूला तीच हालचाल दुसऱ्या वाटेने सुरू करता येते. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले, आणि आपल्या पुण्यातही हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांना नृत्य शिकवले आहे. मनाच्या आजारांचे म्हणाल तर मॅरिअन चेस ही नर्तकी १९४२ पासून वॉशिंग्टनच्या एका मनोरुग्णालयात हेच करीत होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांची सुमारे पाच वर्षे नोंद ठेवली होती, आणि शारीरिक छंदांपैकी केवळ नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला. मात्र जो मुळातच ठणठणीत आहे तोच नाचायला जातो, अशीही शक्यता असते. तेव्हा उद्यापासून गोळ्या बंद करू नका. १५१८ मध्ये स्ट्रासबुर्ग शहरात लोक अनावरपणे दिवसचे दिवस नाचू लागले, तेव्हा तेथील कारभाऱ्यांनी उतारा म्हणून मंच बांधला आणि वादक लावले. रोग वाढला. मात्रेचे भान वैद्यालाही हवे आणि नर्तकालाही.

आनंदाबद्दल थोडक्यात. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी भरतमुनींना विचारतात की नृत्त, म्हणजे अभिनयाविना केवळ लयीवरचा नाच, जर कोणताही अर्थ सांगत नाही, तर ते निर्माण कशासाठी केले? हा प्रश्न मला अस्सल पुणेरी वाटतो. भरतमुनी उत्तर देतात की नृत्ताला अर्थाची अपेक्षाच नाही, ते शोभा आणते, आणि बहुतेक सर्व माणसांना ते स्वभावतःच आवडते.

राहिली सजगता. डोळे मिटून श्वासाकडे पाहणे मला कधी जमले नाही. माझे मन तिसऱ्या श्वासाला भाजीच्या पिशवीत जाते. तत्कारात, म्हणजे कथकातील पायांच्या मूळ ठेक्यात, मात्र त्याची चोरी पकडली जाते. ‘ता थेई थेई तत्’ उजव्या पायाने सुरू होऊन डाव्यावर संपते आणि ‘आ थेई थेई तत्’ डाव्यानेच सुरू होते. म्हणजे त्या सांध्यावर डावा पाय लागोपाठ दोनदा पडतो, आणि आठ मात्रांनंतर उजवा. मन भाजीत असेल तर पाय तेथे हटकून चुकतो. कोणी रागावत नाही. चूक कानालाच ऐकू येते, आणि पुढच्या समेवर पुन्हा मिसळता येते.

दुसरी चिठ्ठी आली. तेव्हा सर्वांनी कृपया चपला काढाव्यात आणि समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहावे. ज्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे किंवा ज्यांना चक्कर येते, त्यांनी बसूनच पाय आपटावेत. पार्किन्सन्सचे वर्गसुद्धा खुर्चीवर बसूनच सुरू होतात, त्यामुळे खुर्चीबद्दल मघाशी बोलले त्यातले तेवढे मागे घेते. लय संथ ठेवू. उजवा पाय आधी.