बोटभर अंतर

[जकार्ता, २१ ऑगस्ट २०१८. आशियाई क्रीडा स्पर्धा. पन्नास मीटर फ्रीस्टाईलची अंतिम फेरी.]

पन्नास मीटर म्हणजे तलावाची एकच लांबी. मध्ये वळण नाही, दम खायला जागा नाही. उडी मारायची आणि समोरची भिंत गाठायची. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं ती गाठली २२.४७ सेकंदांत. जपानच्या शुनिची नाकाओनं २२.४६ मध्ये. नाकाओ तिसरा, वीरधवल चौथा.

फरक एक शतांश सेकंदाचा. या वेगानं पोहणारा माणूस तेवढ्या वेळात दोन सेंटिमीटरांहून किंचित जास्त पुढे सरकतो. बोटभर म्हणा.

काठावरच्या माणसाला हे दिसणं शक्य नाही. त्याला दिसतं नुसतं उसळलेलं पाणी. मग कांस्यपदक कुणाचं, हे ठरवलं कुणी? भिंतीनं. भिंतीला हा मान सहजासहजी मिळालेला नाही. त्याआधी माणसांनी एक मोठा घोळ घालून ठेवला होता.

[रोम, १९६०. कृष्णधवल चित्रफीत.]

२७ ऑगस्ट १९६०. ऑलिंपिकमधली पुरुषांची शंभर मीटर फ्रीस्टाईल. ऑस्ट्रेलियाचा जॉन डेविट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन शेजारशेजारच्या लेनमधून जवळजवळ एकाच क्षणी भिंतीला भिडले. डेविटनं लार्सनचं अभिनंदन केलं. आपण हरलो, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

तेव्हाची पद्धत अशी. प्रत्येक लेनवर तीन माणसं स्टॉपवॉच घेऊन उभी. ती फक्त वेळ घेणार. क्रम लावणारे पंच वेगळे. त्यांतल्या तिघांनी फक्त पहिला कोण हे बघायचं, दुसऱ्या तिघांनी फक्त दुसरा कोण हे बघायचं. शेवटचा शब्द डोळ्यांचा, घड्याळाचा नव्हे.

पहिल्या तिघांपैकी दोघं म्हणाले, डेविट पहिला. तिसरा म्हणाला, लार्सन. इथवर ठीक. पण दुसरा क्रमांक बघणाऱ्या तिघांपैकी दोघांनी नाव दिलं... डेविटचंच. म्हणजे डेविट पहिलाही आणि दुसराही! सहा माणसं, तीन एकीकडे, तीन दुसरीकडे.

घड्याळांत मात्र मतभेद नव्हता. लार्सनच्या लेनवर ५५.०, ५५.१ आणि ५५.१. डेविटच्या लेनवर तिन्ही घड्याळांत ५५.२. त्या दिवशी एक इलेक्ट्रॉनिक यंत्रही चालू होतं, पण ते अनधिकृत. त्यात लार्सन ५५.१०, डेविट ५५.१६.

मुख्य पंच हान्स रुनस्ट्रोमर यांनी निकाल दिला : डेविट.

आता पंचाईत अशी, की हरलेल्याची वेळ जिंकलेल्यापेक्षा कमी कशी दाखवायची? तर लार्सनची वेळ बदलली. दोघांच्याही नावापुढे ५५.२ लागले.

खरं सांगायचं तर मला निकालापेक्षा हा बदललेला आकडा जास्त टोचतो. डोळा चुकतो, माणूस आहे. पण तीन अंगठ्यांनी तीन वेगवेगळ्या घड्याळांची बटणं दाबली होती आणि तिन्हींनी जे सांगितलं ते निकालाला सोयीचं नव्हतं, म्हणून कागदावर दुसरंच लिहिलं गेलं.

मुख्य पंचाला असं मत देण्याचा अधिकार नियमात कुठे आहे, असं अमेरिकेनं विचारलं. दाद मागितली, ती फेटाळली गेली. सुवर्ण डेविटकडे राहिलं. लार्सनला त्याच स्पर्धेत मेडले रिलेचं (चौघांची शर्यत, प्रत्येकाचा पोहण्याचा प्रकार वेगळा) सुवर्ण मिळालं, पण त्याचं नाव निघतं ते या रौप्यपदकासाठीच.

[पाण्याखालचं दृश्य. लेनच्या टोकाला लावलेला टच पॅड.]

१९६८, मेक्सिको सिटी. ऑलिंपिकच्या तलावात भिंतीवर टच पॅड आले.

हा पॅड जवळून बघा. आजच्या नियमाप्रमाणे २.४ मीटर रुंद, ९० सेंटिमीटर उंच आणि जाडी एक सेंटिमीटर. तीसेक सेंटिमीटर पाण्याबाहेर, बाकीचा पाण्याखाली. दिवसभर लाटा आपटतात, पॅड ढिम्म. हाताचा दाब बसला, की त्या लेनचं घड्याळ थांबतं. म्हणजे पोहणारा आता स्वतःच स्वतःचं घड्याळ थांबवतो. तिथं दुसऱ्या कुणाचा अंगठा नाही.

सुरुवातीचीही तीच गोष्ट. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टार्टर एका कडेला उभा असेल, तर वीस मीटर पलीकडच्या लेनमध्ये इशारा पोचायला सहा शतांश सेकंद लागणार. वीरधवलचं पदक एका शतांशानं गेलं, हे लक्षात घ्या. म्हणून प्रत्येक स्टार्टिंग ब्लॉकला, म्हणजे उडी मारायच्या ठोकळ्याला, स्वतंत्र स्पीकर असतो.

[म्युनिक, १९७२.]

यंत्र आलं म्हणजे वाद मिटला? चारच वर्षांत यंत्र जरा जास्तच बोललं. चारशे मीटर वैयक्तिक मेडले, म्हणजे एकट्यानंच चारही प्रकारांत पोहायचं. स्वीडनचा गुन्नार लार्सन (रोमचा लार्सन वेगळा) आणि अमेरिकेचा टिम मॅकी. बोर्डावर दोघांपुढे ४ मिनिटं ३१.९८ सेकंद. बरोबरी. मग अधिकाऱ्यांनी पुढचा अंक पाहिला. ३१.९८१ आणि ३१.९८३. सुवर्ण स्वीडनला.

दोन सहस्रांश सेकंद. त्या शर्यतीच्या सरासरी वेगानं हिशेब केला, तर तीन मिलिमीटर. चारशे मीटर पोहून तीन मिलिमीटर!

घड्याळ बरोबरच होतं. अडचण तलावाची होती. तलाव गवंडी बांधतात. काँक्रीट, त्यावर टाइल, त्यावर पॅड. एका लेनची भिंत शेजारच्या लेनपेक्षा तीन मिलिमीटर पुढे किंवा मागे असणं ही काही बांधकामातली चूकसुद्धा नाही. नियमही पन्नास मीटरचा तलाव किंचित लांब चालवून घेतो. तेव्हा पदक पोहणाऱ्यानं जिंकलं की गवंड्यानं, हे कोण सांगणार?

त्यानंतर पोहण्यानं मोजमाप शतांशावर थांबवलं. यंत्राला पुढचं कळतं, पण विचारायचं नाही. शतांशात बरोबरी झाली, तर पदक दोघांना. १९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर फ्रीस्टाईलला अमेरिकेच्या नॅन्सी हॉग्सहेड आणि कॅरी स्टाइनसायफर, दोघी ५५.९२, दोघींना सुवर्ण. २०१६ साली रिओत तर शंभर मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेचा मायकेल फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा ले क्लो आणि हंगेरीचा चेह, दुसऱ्या क्रमांकावर तिघं, तिघांची वेळ ५१.१४. रौप्यपदकं तीन, कांस्य एकही नाही.

[बीजिंग, १६ ऑगस्ट २००८. शेवटचे पाच मीटर, संथ गतीनं.]

आणि ही ती शर्यत, जिच्यावर अजून वाद घालणारे भेटतात. शंभर मीटर बटरफ्लाय. पन्नास मीटरला सर्बियाचा मिलोराद चाविच पहिला, मायकेल फेल्प्स सातवा. शेवटी चाविच हात लांब करून भिंतीकडे तरंगत निघाला. फेल्प्सनं मध्येच अर्धा हात जास्तीचा मारला. ५०.५८ आणि ५०.५९. फेल्प्सचं त्या स्पर्धेतलं सातवं सुवर्ण.

टीव्हीवर पाहणाऱ्या कित्येकांना चाविचच आधी पोचलेला दिसला. सर्बियानं तक्रार केली. पाण्याखालची चित्रं एकेक करून तपासली आणि निकाल कायम राहिला.

आता ही चौकट थांबवू. चाविचची बोटं पॅडजवळ हळुवार येताहेत. फेल्प्सचे तळवे वरून येऊन आदळताहेत. पॅडला जवळ येणं कळत नाही, दाब कळतो. तरंगत येणारा हात हळू होत जातो. मारलेला हात वेगात येतो.

[पुन्हा जकार्ता. निकालाचा बोर्ड.]

एखादा चोखंदळ प्रेक्षक आता म्हणेल, तलावाच्या लांबीतच थोडी सूट आहे, मग वीरधवलचं सव्वादोन सेंटिमीटरचं अंतर तरी खरं कशावरून? मुद्दा बिनतोड आहे. पण कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि ती शतांशावर मारली आहे.

याच वीरधवलनं २०१० साली ग्वांगझूला पन्नास मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं होतं. आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्यातलं पदक तेव्हा चोवीस वर्षांनी मिळालं. जकार्तात त्याच दिवशी प्राथमिक फेरीत त्यानं राष्ट्रीय विक्रम केला होता : २२.४३. अंतिम फेरीत तेवढीच वेळ पुन्हा आली असती, तर नाकाओ चौथा होता.