गच्चीवरून जोडतारे

(दृश्य: सांगली, मे महिना. तिन्हीसांज. गच्चीवर पाइपने पाणी मारलं जातंय.)

उन्हाळ्यात आमच्याकडे गच्चीवर पाणी मारतात ते रात्री अंथरूण गार लागावं म्हणून. मी मारतो ते ताऱ्यांसाठी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत धग सोडत राहतो. ती गरम हवा दुर्बिणीसमोरून वर चढली, की तारा तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा नाचायला लागतो. आणि नाचणाऱ्या थेंबात एक तारा आहे की दोन, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

दुर्बीण साधीच आहे. दीडशे मिलिमीटरचा आरसा, प्लायवूडची बैठक, मोटर-बिटर काही नाही. समोर रस्त्यावरचा पांढरा एलईडी दिवा. दीर्घिका आणि तेजोमेघ या उजेडात केव्हाच बुडाले. जोडताऱ्यांचं, म्हणजे नुसत्या डोळ्याला एक पण दुर्बिणीत दोन दिसणाऱ्या ताऱ्यांचं, तसं नाही. त्यांना अंधार नसला तरी चालतो, हवा तेवढी शांत लागते.

(दृश्य: उत्तरेचं आकाश. सप्तर्षी उंच आलेले.)

सुरुवात घरच्याच जोडप्यापासून. सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाला मरीची, त्याच्या अलीकडचा वसिष्ठ, आणि वसिष्ठाला खेटून बारीकशी अरुंधती. लग्नात नवरीला अरुंधती दाखवायची, तर आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा आणि मग तिथून बोट हळूच सरकवायचं. शास्त्रकारांनी याला नावच देऊन टाकलं, स्थूलारुंधती न्याय. दुर्बिणीवाले रात्रभर दुसरं काय करतात? ठळकावरून बारकाकडे.

आता पंचवीस मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे दुर्बिणीचं डोळा लावायचं भिंग. मोठेपणा अठ्ठेचाळीस पट. अरुंधती लांब, पार कडेला गेली. आणि वसिष्ठ? तो एकटा नाहीच. त्याच्या अगदी कुशीत दुसरा एक तारा आहे, चौदा विकलांवर. अरुंधती त्याच्या पन्नासपट दूर. शेजारच्या काकूंना हे दाखवलं तेव्हा त्या नेत्रिकेवरून डोळा न काढता म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे भटजी सांगतात ती ही नव्हेच!"

विकला म्हणजे कलेचा साठावा भाग, अंशाचा छत्तीसशेवा. नव्या एक रुपयाचं नाणं साधारण चार किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढी. जोडताऱ्यांचा सगळा व्यवहार या मापात चालतो.

पुढचा हिशोब डोळ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. वसिष्ठातला ठळक ताराही एक नाही, दोन आहेत. हे 1889 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केलं ते दुर्बिणीत दोन ठिपके पाहून नव्हे, तर वर्णपटातल्या, म्हणजे ताऱ्याच्या उजेडाच्या रंगपट्ट्यातल्या, रेषा दुभंगताना पाहून. कुशीतला ताराही असाच जोड निघाला. 2009 मध्ये अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. एकूण सहा.

(दृश्य: नेत्रिकेतून. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यामध्ये एक मंद ठिपका.)

हा मधला ठिपका मात्र या कुटुंबातला नाही. 1722 मध्ये योहान लीबक्नेख्त या जर्मन प्राध्यापकांना हा दिसला, हलल्यासारखा वाटला, आणि त्यांनी नवा ग्रह सापडला म्हणून आपल्या राजाचं, लुडविगचं, नाव त्याला देऊन टाकलं. तो होता मागचा, दूरचा एक साधा तारा. फोटो काढताना कुणीतरी मागून जावं, तसा रेषेत आलेला.

सगळे जोडतारे असेच योगायोगाचे, असं पुष्कळ वर्षं धरून चालले होते. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी 1779 पासून त्यांची यादी करायला घेतली तीही याच समजुतीवर. जवळचा तारा लांबच्या ताऱ्यापुढे वर्षभरात किंचित सरकेल आणि त्यावरून अंतर मोजता येईल, असा बेत होता. अंतर काही हाती लागलं नाही. पण वीसेक वर्षांनी तीच जोडपी पुन्हा मोजली, तर काही एकमेकांभोवती फिरलेली! मिथुन राशीतला कॅस्टर हा तारा त्यातलाच. 1803 मध्ये त्यांनी हे मांडलं, आणि न्यूटनचं गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालतं हे पहिल्यांदा दिसलं. मला हर्शेल यांचा युरेनसपेक्षा हा शोध मोठा वाटतो.

(दृश्य: रात्रीचे अकरा. जुनी शंभर पानी वही, टॉर्चला लाल जिलेटिन कागद.)

स्लॅब आता गार झालाय. चित्रा आणि उत्तरा फाल्गुनी यांच्या जवळजवळ मध्यावर एक बेताचा तारा आहे, पोरिमा. नेत्रिका दहाची, मागे बार्लो, म्हणजे मोठेपणा दुप्पट करणारं भिंग, एकूण दोनशे चाळीस पट.

आधी वही दाखवतो. मे 2008. माझंच अक्षर: "लांबट. भुईमुगाच्या शेंगेसारखा. दोन म्हणवत नाही." त्या वेळी मी दुर्बिणीलाच दोष दिला होता. आरसा काढला, पुसला, पुन्हा बसवला, वाकडा बसवला, आणि पुढचे दोन महिने सगळेच तारे शेंगेसारखे दिसत होते. आरशाचा काही गुन्हा नव्हता. पोरिमाचे दोन तारे 169 वर्षांत एक फेरी घालतात आणि 2005 मध्ये ते इतके जवळ आले होते, अर्ध्या विकलेच्याही आत, की माझ्यासारख्यांच्या दुर्बिणीत ते एकच दिसत. 2008 मध्ये नुकते कुठे सुटायला लागले होते.

आणि आज...

(इथे निवेदन थांबवावं. दहा सेकंद फक्त नेत्रिकेतलं दृश्य. रातकिडे, लांबून एसटीचा हॉर्न.)

दोन. सारखेच तेजस्वी, सारखेच पिवळट पांढरे, मध्ये काळी फट. तीन विकलांहून थोडी जास्त. मोटर नसल्यामुळे ते सरकत सरकत बाहेर जातात. ज्या बाजूने जातात ती पश्चिम. तेवढ्यावरून वहीत दिशा मांडायची, तारीख, वेळ, नेत्रिका लिहायची. आकाशात आपल्या हयातीत जागचं हललेलं असं फार थोडं सापडतं. हे सापडलं, आणि त्याला लागली दोन रुपयांची पेन्सिल.

(दृश्य: दक्षिण क्षितिज. शेजारच्यांची काळी पाण्याची टाकी.)

पावणेबारा. शेवटचा पाहुणा दक्षिणेकडून. नरतुरंग या तारकासमूहातला मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी. सांगलीहून तो क्षितिजावर जेमतेम बारा अंश चढतो, टाकी आणि केबलच्या वायरींच्या मधून. हा जोडतारा आहे हे पहिल्यांदा पाहिलं फादर रिशॉ या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी, डिसेंबर 1689 मध्ये, पाँडिचेरीत. पाहायला गेले होते धूमकेतू.

इतक्या खालची हवा कधीच स्वस्थ नसते. तारा उकळतोय, लाल, हिरवा, पुन्हा पांढरा. यांची फेरी ऐंशी वर्षांची. 2016 च्या सुमारास अंतर चार विकलांवर आलं होतं, आता दुपटीवर गेलंय. एवढं पुरायला हवं. डोळा टेकवून बसायचं. एक क्षण हवा थबकते.

पिवळा, आणि त्याच्या शेजारी जरा तांबूस.

गेला. वायर आडवी आली. खुर्ची दोन फूट डावीकडे.