तो दुरुस्तीला आला की भेटीला?

(आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, ठाण्यातील एका चर्चच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फादर, पाळकसाहेब, आणि वाशी-नेरुळहून ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून इथवर आलेली मंडळी, सर्वांना नमस्कार.

डिसेंबर उजाडला की एक प्रवचन हमखास ऐकायला मिळते. तलावपाळीजवळच्या सेंट जॉनसारखे पोर्तुगीज काळापासूनचे चर्च असो की एखाद्या सोसायटीच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी मंडळी असो, मजकूर तोच. सांताने येशूला बाजूला सारले, मॉलने येशूच्या जन्माचा गोठा गिळला, खरा नाताळ हरवला. लहानपणापासून मी हे ऐकत आलो आहे आणि त्याला कुणी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही. सगळे माना डोलावतात, घरी जातात आणि जांभळी नाक्यावरून प्लास्टिकचे झाड आणतात.

त्यामुळे सांताचे प्रकरण आधी उरकून टाकतो. २३ डिसेंबर १९५१ रोजी फ्रान्समधल्या दिजाँ शहरात धर्मगुरूंच्या संमतीने सांताचा पुतळा कॅथेड्रलच्या कुंपणाला टांगला गेला आणि शेकडो मुलांदेखत जाळला गेला. आरोप असा, की हा घुसखोर आहे आणि पाखंडी आहे. दुसऱ्याच दिवशी सांता टाउन हॉलच्या छपरावर उभा राहून मुलांशी बोलत होता. चर्चने सांताशी कुस्ती धरली की निकाल असा लागतो. त्या आखाड्यात मी उतरणार नाही.

तारखेचा वादही फार ताणण्यात अर्थ नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, जन्माची तारीख नाही. मार्कच्या शुभवर्तमानात तर जन्मच नाही, येशू एकदम यार्देन नदीवर बाप्तिस्म्यालाच हजर होतो. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा पंडित म्हणायचा, की पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे दोघेच, मिसरचा फारो आणि हेरोद राजा, आणि दोघांच्याही वाढदिवशी एकेका माणसाचा जीव गेला. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना पुरावा रोमचा, इ.स. ३३६ चा, तो ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात टिकून राहिला. सूर्याच्या सणावर चर्चने आपला सण बसवला असे काही अभ्यासक म्हणतात. इतर काही म्हणतात, मरीयेची गर्भधारणा २५ मार्चची धरून नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्म साजरा करते. आता आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लावून टाकली. म्हणून आजी जन्मलीच नाही असे कुणी म्हणत नाही. ‘नाताळ हा मूर्तिपूजकांचा सण’ असे संदेश दर डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्या आपल्याच विश्वासी बांधवांना माझे एवढेच सांगणे आहे.

पण ज्यांनी नाताळ खरोखर बंद पाडला, त्यांचे म्हणणे असे उडवून लावता येत नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ, ईस्टर असे सारे सण रद्द केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरीच्या महापौराने दुकाने उघडी ठेवायचा हुकूम सोडला आणि गावात दंगल उसळली. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला, तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. हे करणारे प्युरिटन लोक, म्हणजे बायबलात नसलेल्या प्रथा चर्चमधून काढून टाकू पाहणारे प्रोटेस्टंट, नास्तिक नव्हते, बायबल कोळून प्यालेली माणसे होती. प्लिमथच्या वसाहतीतली १६२१ ची हकिकत मजेदार आहे. २५ डिसेंबरला गव्हर्नर ब्रॅडफर्ड सगळ्यांना कामावर घेऊन निघाला, तेव्हा नव्याने आलेले काही जण म्हणाले की या दिवशी काम करणे आमच्या सद्सद्विवेकाला पटत नाही. तो म्हणाला, ठीक आहे, तुम्हाला समज येईपर्यंत सूट. दुपारी परत येऊन बघतो तर हे लोक रस्त्यात उघड चेंडू खेळताहेत. त्याने खेळाचे सामान काढून घेतले आणि सांगितले, इतर राबत असताना तुम्ही खेळावे हे माझ्या सद्सद्विवेकाला पटत नाही. भक्तीच करायची असेल तर घरात बसून करा.

हसू येते, पण त्यांचा मूळ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देवाने जो दिवस पवित्र ठरवलेला नाही, तो पवित्र ठरवण्याचा अधिकार चर्चला कुणी दिला? रविवार दिलेला आहे, तो पुरत नाही का? प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, पत्रात खडसावले आहे, की तुम्ही दिवस, महिने, सणाचे काळ आणि वर्षे पाळता, तुमच्यासाठी केलेले माझे श्रम वाया जातात की काय अशी भीती वाटते. तोच पौल रोमकरांना लिहितो, कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कुणी सगळे सारखेच मानतो, प्रत्येकाची स्वतःच्या मनाची खात्री असू द्यावी. दोन्ही पक्षांच्या हातात पौलच असतो. त्यामुळे हा वाद कधी संपत नाही.

इथे बसलेल्या प्रोटेस्टंट मंडळींना मी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या घरात फारशी कुणी सांगत नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेली अमेरिकन मिशन, जिच्यातून पुढे अहमदनगरची मंडळी उभी राहिली आणि जिच्याशी रेव्हरंड टिळकांचे नाव कायमचे जोडले गेले, ती बोस्टनच्या संस्थेने पाठवलेली होती. म्हणजे त्याच प्युरिटनांच्या वारसदारांनी. त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये २५ डिसेंबर हा कामाचा दिवस होता. तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी आली ती १८५६ मध्ये. १८२९ साली मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन स्कॉटलंडचे, प्रेस्बिटेरियन, म्हणजे तशाच कडक प्रोटेस्टंट वळणाचे. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ साली! तेव्हा सोसायटीतला एखादा विश्वासी बांधव ‘आम्ही नाताळ पाळत नाही’ म्हणाला की आपण त्याला पंथवेडा ठरवतो, पण तो आपल्याच आध्यात्मिक पणजोबांच्या वळणावर गेलेला असतो.

मी मात्र त्या पणजोबांच्या बाजूने नाही. त्यांचे सगळे लक्ष दिवसावर होते. माझ्या मते वादाचा गाभा जन्मात आहे, आणि त्यावर मध्ययुगात एक भांडण झाले जे आजच्या सगळ्या सांता-चर्चेपेक्षा कितीतरी खोल जाते. प्रश्न असा: आदामाने पाप केलेच नसते, तर देव माणूस झाला असता का?

तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनास या ईश्वरविद्येच्या पंडिताने उत्तर दिले, बहुधा नाही. देवाला अशक्य काही नाही, पण पवित्र शास्त्र जिथे जिथे देहधारणेचे कारण सांगते तिथे पापाचेच नाव घेते. रोग नसता तर वैद्य आला नसता. थोड्याच वर्षांनी, १३०८ मध्ये वारलेला डन्स स्कोटस याच्या उलट बोलला. सृष्टीतली सर्वांत थोर गोष्ट आदामाच्या चुकीमुळे घडली, हे त्याच्या बुद्धीला पटेना. तसे असेल तर आपण पापाचे आभारच मानायला हवेत. स्कोटसच्या मते ख्रिस्त हा देवाच्या मनातला पहिला हेतू, सृष्टी त्याच्यासाठी रचली गेली; पाप झाले नसते तरी तो आलाच असता. साध्या मराठीत विचारायचे तर देव दुरुस्तीला आला की भेटीला?

अक्विनास डॉमिनिकन, स्कोटस फ्रान्सिस्कन, असे हे दोघे दोन वेगळ्या संन्यासी संघांतले. आता आपल्या गावाकडे या. १३२१ साली चीनच्या वाटेवर असलेल्या काही मिशनऱ्यांचे जहाज वाऱ्याने ठाण्याच्या किनाऱ्याला लागले. त्यात टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस असे चार फ्रान्सिस्कन होते आणि जॉर्डन नावाचा एक डॉमिनिकन होता. दोन्ही घराणी एकाच जहाजातून आपल्या खाडीत उतरली. इथे आधीपासून राहणाऱ्या पूर्वेकडच्या सीरियन परंपरेतल्या ख्रिस्ती घरात ते पाहुणे म्हणून राहिले. जॉर्डन बाहेरगावी गेलेला असताना एप्रिलमध्ये ते चौघे मारले गेले, आणि त्याने परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. ठाण्याच्या इतिहासाची पुस्तके ही गोष्ट हुतात्म्यांची म्हणून सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या फ्रान्सिस्कन संघाने नाताळात गोठा मांडण्याची प्रथा रुजवली, त्याची माणसे संघाचा संस्थापक संत फ्रान्सिस याच्या गोठ्यानंतर शंभर वर्षे उलटायच्या आत या मातीवर उभी होती.

फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी खरे गवत, खरा बैल, खरे गाढव आणून गव्हाणीसमोर मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, करवली. बेथलेहेमच्या बाळाचे काय हाल झाले, त्याला गवतावर कसे निजवले होते, ते आपल्या या डोळ्यांनी बघावे अशी त्याची इच्छा होती. आणखी एक आख्यायिका मला त्याहून आवडते. एकदा नाताळ शुक्रवारी आला. शुक्रवार म्हणजे मांसवर्ज्य. मोरिको नावाच्या बांधवाने शंका काढली, तेव्हा फ्रान्सिस चिडला. आजच्या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावे, म्हणाला, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान बाहेरून चोपडावे! हा कोण बोलतोय? जन्मभर उपाशीतापाशी राहिलेला, ठिगळांचा झगा घालणारा माणूस. त्याच दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे आणि बैल-गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा द्यावा, असेही त्याचे म्हणणे होते.

म्हणून ‘नाताळ खाण्यापिण्याचा नाही, आत्म्याचा आहे’ हे वाक्य ऐकले की मी अस्वस्थ होतो. आत्मा तर देवाकडे होताच. नाताळला त्याने घेतला तो देह: भूक लागणारा, थंडी वाजणारा, लंगोट ओले करणारा. आपल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या मूळच्या कॅथलिक, घरांत फुगे, म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे, तळताना कधी नीट पाहिले आहे का? मैदा, अंडी, नारळाचे दूध, पूर्वी खमिराऐवजी ताडी. फुगलेले पीठ मुठीत घ्यायचे, अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून गोळा वर आणायचा, ओल्या बोटांनी तोडून कढईत सोडायचा. एकामागून एक, तासन्‌तास, चटके सोसत. माझ्या लेखी ते काम मध्यरात्रीच्या मिस्साइतकेच नाताळचे आहे. (आता हेही बोलून टाकतो, की स्कोटसवर बोलायला आपण पुरुष आणि कढईपुढे मात्र बायका, असा प्रकार अजून चालू आहे. त्याला कुठल्याही ईश्वरविद्येचा आधार नाही.)

इथे पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर मला एक हरकत दिसते आहे आणि ती रास्त आहे. क्रूस कुठे गेला? नुसती भेट म्हटले की नाताळ गोड गोड होऊन बसतो. खरे आहे. लूकने बाळाला गुंडाळून गव्हाणीत ठेवले असे लिहिले आणि शेवटी तोच देह गुंडाळून कबरेत ठेवल्याचेही लिहिले. पूर्वेकडच्या चर्चच्या चित्रांत म्हणून गोठ्याऐवजी काळोखी गुहा असते आणि बाळाचे कपडे प्रेतवस्त्रासारखे दिसतात. चर्चचे पंचांगही कुणाला लाडात येऊ देत नाही. २५ ला पाळणा, २६ ला दगडमार होऊन मेलेला पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, २८ ला हेरोदाने कापून काढलेली बेथलेहेमची बाळे. तरीही मी स्कोटसच्याच बाजूने बसेन. भेटीला आलेल्याला घरातले खून दिसले आणि तो तसाच परत गेला नाही, असे मी मानतो. अक्विनासला हे पटले नसते, आणि त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त वचने आहेत.

मरीयेचे गीत मी आज घेत नाही. उपाशी माणसे तृप्त होतील आणि धनवान रिकाम्या हाताने परत जातील, हे त्यात आहे. त्यावर एक अख्खी संध्याकाळ लागेल आणि बिल्डर मंडळींना बोलवावे लागेल.

मघाशी नेरुळच्या एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे. त्यांचे जावई नव्या मंडळीत जातात, २५ डिसेंबर पाळत नाहीत, त्या दिवशी सासुरवाडीला जेवायलाही येत नाहीत, आणि दरवर्षी घरात रडारड होते. काय करावे? बाई, त्यांना २५ ला बोलावूच नका. २६ ला बोलवा. तो दिवस पाळायला त्यांना कुणी सांगितलेले नाही, त्यामुळे न पाळण्याचाही प्रश्न येत नाही. आणि २६ हा स्तेफनचा दिवस. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढून बघा: रोजच्या जेवणाच्या वाटपात काही विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली, तेव्हा पंक्तीच्या व्यवस्थेसाठी सात जण निवडले, आणि त्या यादीत पहिले नाव याच स्तेफनचे आहे. फुगे आदल्या दिवशीचे चालतील. इंदियाल, म्हणजे आपले मसालेदार मांसाचे कालवण, तर दुसऱ्या दिवशीच जास्त मुरते.