समासातला प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

'तुम्ही लेखक कधी झालात?' असे मला अधूनमधून विचारले जाते, आणि विचारणाऱ्याला बहुधा पहिल्या छापील पुस्तकाची तारीख हवी असते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या वेळी एका पेन्सिलीची अक्षरे येतात.

ती हकिकत सांगतो. तेविसाव्या वर्षी मी बावीस पानांची एक कथा एका मासिकाच्या संपादकांकडे पाठवली. दोन महिन्यांनी ती साभार परत आली, पण सोबत नेहमीची छापील चिठ्ठी नव्हती. समासात बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरांत दोनच शब्द लिहिलेले होते: 'हे कोणाचे?' पुढच्या पानावर पुन्हा तेच, 'हे कोणाचे?' मी मोजले, एकूण चौदा वेळा. हा चोरीचा आरोप आहे असे समजून मी रागाने एकेक वाक्य तपासू लागलो, आणि हळूहळू माझेच कान तापले. कारण संध्याकाळचे वर्णन माझ्या आवडत्या कादंबरीकाराच्या वळणाचे होते, संवाद एका नाटककाराच्या लयीत चालले होते, आणि नायकाचे दुःख तर सरळसरळ कवितांतून उसने आणलेले होते. एकही ओळ उचललेली नव्हती, तरीही त्यांतली एकही माझी नव्हती. सतराव्या पानावर मात्र एका वाक्याखाली रेघ होती आणि शेजारी लिहिले होते, 'हे तुमचे.' ते वाक्य असे होते: 'आई सुईत दोरा ओवू लागली की आम्ही भावंडेही श्वास रोखून धरत असू.' फारच साधे म्हणून पक्की प्रत करताना मी ते गाळणार होतो.

पेन्सिलीवरून आठवले, संगणकावर खोडलेला शब्द मागमूस न ठेवता नाहीसा होतो, हे मला आजही लेखकाचे नुकसान वाटते.

आता, लेखकाचा आवाज एकच असतो असेही नाही. राम गणेश गडकरी कवितेत 'गोविंदाग्रज' होते, विनोदात 'बाळकराम' होते आणि नाटकांवर त्यांनी स्वतःचे नाव ठेवले. १८८५ ते १९१९ एवढ्याच आयुष्यात हे तिन्ही आवाज त्यांनी वेगवेगळे राखले. 'हे कोणाचे?' या प्रश्नाला त्यांच्यापाशी तीन खरी उत्तरे होती.

माझ्यापाशी एकच होते, आणि मी त्याचा रतीब घातला. पुढे कित्येक वर्षे माझ्या कथांतून कोणी ना कोणी श्वास रोखून धरत राहिले. गेल्या महिन्यात नव्या कथेचा खर्डा वाचताना एका वाक्यापाशी हात अडखळला आणि समासात मी लिहिले, 'हे कोणाचे?' जुनी पुस्तके चाळली तेव्हा आढळले की ते वाक्य माझेच होते, अठरा वर्षांपूर्वीचे. मी ते खोडले. पेन्सिलीने, खालचे वाचता येईल इतपतच.