मॅग व्हीलवरचं क्रोम जातं कुठून?

नमस्कार मंडळी. गाडीकडे जाण्याआधी हे बघा. (हातात जुना नळ) आमच्या बाथरूममधला नळ आहे. हार्डवेअरवाला याला सीपी म्हणतो, म्हणजे क्रोम प्लेटेड. आत पितळ, वरून मुलामा. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे तोंडाशी पांढरा क्षार धरला होता. कोणीतरी, म्हणजे मीच, त्यावर संडास साफ करायचं ॲसिड ओतलं आणि फोनवर बोलत बसलो. क्षार गेला, पण बरोबर चकाकीही गेली. जरा जवळून दाखवतो. हा पिवळसर पट्टा दिसतोय ना? ते निकेल आहे. त्याच्या वरचं क्रोम वाहून गेलं.

क्रोमच्या मॅग व्हीलवर, म्हणजे अलॉयच्या चाकावर, हेच क्रोम असतं. फरक इतकाच, की नळ दोन-चारशे रुपयांत बदलता येतो.

चाकाचं मूळ अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. त्यावर सहसा आधी तांब्याचा थर, मग निकेलचा, आणि सगळ्यात वर क्रोम. आरशासारखी झळाळी खरं तर निकेलची असते. निकेल उघडं राहिलं तर पिवळट आणि मंद पडतं, म्हणून त्याच्यावर क्रोमचं झाकण. हे झाकण किती जाड, तर साधारण पाव मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरच्या एका केसाचे अडीचशे पापुद्रे काढले तर त्यातला एक. शिवाय त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. मिठाचं पाणी, ॲसिड, ब्रेकची पूड तिथून आत शिरते. आता या पापुद्र्यावर कोणी तारेची घासणी फिरवतं, तेव्हा माझ्या पोटात कसं होत असेल!

आधी एक गैरसमज काढून टाकू. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीची चकचकीत चाकं बहुतेक वेळा क्रोमची नसतातच. ती डायमंड कट असतात. म्हणजे रंग दिलेल्या चाकाचा दर्शनी भाग लेथवर कातून उघडा केलेला आणि वरून पारदर्शक लॅकर. ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक गोल रेषा दिसल्या, तर डायमंड कट. क्रोममध्ये रेषा नसतात, तुमचा चेहरा दिसतो, आणि तोही किंचित निळसर. आता चाकाच्या आतल्या बाजूला बघा. खरं प्लेटिंग टाकीत बुडवून होतं, त्यामुळे मागेही चमक असते.

तिसरा प्रकार पीव्हीडी. यात चाकावर पावडर कोटिंग, त्यावर निर्वात पेटीत बसवलेला धातूचा अगदी पातळ थर आणि वरून पारदर्शक कोट. गंजाला हा चांगला तोंड देतो. माझं विचाराल तर रत्नागिरी, मालवण, गोवा, किंवा मुंबईतही समुद्राच्या तोंडावर राहत असाल तर पारंपरिक प्लेटिंगच्या वाटेला जाऊ नका, पीव्हीडी घ्या. फक्त त्याला मेटल पॉलिश लावायचं नाही. वरचा कोट म्हणजे शेवटी लॅकरच, तो धुरकट होतो. आणि चौथा प्रकार, क्रोमसारखा दिसणारा स्प्रे. त्यावर मी वेळ घालवत नाही, तुम्ही पैसे घालवू नका.

आता खरेदी. दुकानात आधी डिझाइन बघायचं नाही, आधी आकडे. पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ. स्विफ्टला ४ बाय १००, म्हणजे चार भोकं आणि वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर; क्रेटाला ५ बाय ११४.३. मधल्या भोकाचा व्यास हबशी, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्याच्याशी, जुळायला हवा. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा आहे. बाजारातल्या चाकाचं भोक बऱ्याचदा मोठं असतं, तेव्हा मध्ये हब रिंग मागून घ्या, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंग करून करून थकता. ऑफसेट, म्हणजे चाकाची हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे तो आकडा, चुकला तर टायर फेंडरला घासतो. नटही बघा. होंडाचे मूळ नट गोल बुडाचे, बाजारातली चाकं बहुतेक शंकूच्या बैठकीची. जुने नट तसेच आवळले तर ते नीट बसत नाहीत.

टायरचं गणित कागदावर करा. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि आर नंतरचा चाकाचे इंच. स्विफ्टचा १८५/६५ आर१५ टायर साधारण ६२१ मिलिमीटर उंच भरतो. १६ इंची चाकावर १९५/५५ घेतलात तर तोही ६२१ च्या आसपासच. छान. पण दुकानदाराने १९५/६५ आर१६ गळ्यात मारला तर उंची ६६० होते आणि स्पीडोमीटर सहा टक्के कमी वेग दाखवायला लागतो. चाक मोठं केलं की टायरची भिंत बुटकी होते, हेही लक्षात असू द्या. पावसाळ्यातला खड्डा आधी तिच्यावर येतो आणि मग रिमवर.

चाकावर आयएसआयचं चिन्ह शोधा. जेडब्ल्यूएल हे जपानी चिन्ह पुष्कळ चाकांवर असतं, पण ती उत्पादकाने स्वतःच दिलेली ग्वाही असते. त्याच्या जोडीला व्हीआयए असेल, तर बाहेरच्या संस्थेने तपासलेलं.

आता माझीच फजिती ऐका. आधीच्या गाडीला मी प्लेटिंगवाली चाकं घातली होती. तीन वर्षांनी डावीकडच्या पुढच्या चाकाची हवा उतरायला लागली. सोमवारी ३३ भरायची, शनिवारी २६. पंक्चरवाल्याकडे दोनदा गेलो. खिळा नाही, काही नाही. तिसऱ्यांदा त्याने चाक आडवं टाकलं, कडेने साबणाचं पाणी सोडलं आणि म्हणाला, “साहेब, टायर नाय, रिम खराब.” टायर आणि रिम जिथे भेटतात त्या कडेला बारीक बुडबुडे येत होते. टायर उतरवला तर आत क्रोम कांद्याच्या सालीसारखं सुटून वर वळलेलं आणि खाली पांढरी भुकटी. बुलेटच्या रिमवर तांबूस गंज येतो, कारण आत पोलाद. इथे आत ॲल्युमिनियम, म्हणून पांढरं. बाहेरून चाक आरशासारखं, मी रोज पुसत होतो! आतून कधी डोकावलोच नव्हतो. त्याने सुटलेला पापुद्रा काढला, बारीक पॉलिशपेपरने कडा साफ केली, बीड सीलर, म्हणजे टायरच्या कडेची फट बुजवणारा लेप, लावला. वर्षभर निभावलं.

बहुधा सुरुवात टायर बदलताना झाली असावी. टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, टायर उचकटला की तिथलं क्रोम टवकतं. म्हणून मशीनवर प्लास्टिकचं गार्ड लावायला सांगा. बॅलन्सिंगची क्लिपवाली शिसं नकोत, आतून चिकटवायची वजनं मागा. आणि चाक बसवल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, तपासून घ्या.

धुणं. गाडी घाटातून उतरलीय, ब्रेक तापलेत, तर आधी थंड होऊ द्या. गरम चाकावर साबण वाळतो आणि डाग पडतात. आधी नुसतं पाणी भरपूर मारा. चाकावरची काळी पूड म्हणजे ब्रेक पॅड आणि डिस्कचा चुरा, त्यात लोखंडाचे कण असतात. सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणारे दादा एकाच बादलीत एकच फडकं बुडवून दहा गाड्या करतात. ते फडकं चाकावर म्हणजे पॉलिशपेपर. मी त्यांना चहा देतो आणि सांगतो, चाकं माझ्याकडे. पाण्यानंतर गाडीचा साधा शाम्पू, मऊ ब्रश, पुन्हा पाणी, आणि लगेच कोरडं करायचं. बोअरचं पाणी उन्हात वाळलं की नळाची गोष्ट पुन्हा सुरू.

वॉशिंग सेंटरवर एक पिवळट पाणी फवारतात, चाक क्षणात लखलखतं, तुम्हीही खूश. ते बहुधा ॲसिड असतं. उतरून आधी सांगायचं, चाकाला फक्त शाम्पू.

दोन-तीन महिन्यांतून वॅक्सचा हात फिरवा, भेगांवर आडोसा होतो. समुद्राकाठी दर आठवड्याला गोड्या पाण्याने चाकं धुवा. दहा हजार किलोमीटरला टायर रोटेशन करताना चाक उतरलेलंच असतं, तेव्हा मागची बाजूही धुऊन घ्या. माझं जे राहिलं ते हेच.

क्रोम उडालंच तर? टच-अप नावाचा प्रकार इथे नाही. जुने थर उतरवायचे, घासायचं, पुन्हा तांबं, निकेल, क्रोम. चार चाकांना मिळून खर्च इतका येतो, की मी नव्या साध्या चंदेरी अलॉयकडे वळलो. जुनी चाकं भंगारात घेऊन गेलो. मनात हिशेब होता, ॲल्युमिनियम आहे, बरा भाव येईल. त्याने एक चाक उचललं, नखाने पापुद्रा काढून बघितला आणि म्हणाला, “मुलाम्याचा माल आहे, याला भाव कमी.”